खांदेमळणी

काल रात्री ताशाचा पट्टा भिजत घातला होता. कोमट पाणी आणि चमचाभर साबणाचा चुरा, एवढंच. सकाळी पाहिलं तर बादलीतलं पाणी बिनदुधाच्या चहासारखं झालं होतं. दहा दिवसांचा घाम, गुलाल, लक्ष्मी रोडची धूळ, बेलबाग चौकात अंगावर कोसळलेला पाऊस, सगळं त्यात उतरलेलं. तीन पाण्यांतून खळबळून काढला आणि गॅलरीतल्या दांडीवर सावलीत पसरला. हा पट्टा पिळायचा नसतो. पिळला की आतला नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर, गोळा होतो, आणि तो सरळ करायचा तर सगळी शिवण उसवावी लागते.

ताशा माझा नाही, पथकाचा आहे. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तो पुसून पथकाच्या खोलीत जातो आणि पुढच्या वर्षी वाद्यपूजनाला पुन्हा भेटतो. पट्टा मात्र माझा. वर्षभर तो आमच्या दारामागच्या खुंटीवर छत्रीशेजारी टांगलेला असतो. घरी येणाऱ्याला वाटतं, प्रवासाच्या बॅगेचा असेल.

या पट्ट्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पुण्यात दर भाद्रपदात ढोल-ताशांवर भरपूर लिहिलं-बोललं जातं. आवाज किती, गर्दी किती, कोणतं पथक कोणत्या मानाच्या गणपतीपुढे. पण ते वाद्य वाजवणाऱ्याच्या अंगावर कसं बसतं, यावर फारसं कोणी बोलत नाही. माझं वादन तिथेच अडलं होतं, आणि सुटलं तेही तिथूनच.

१९९४ साली मी अकरावीत होते. आमच्या भागातल्या एका पथकाने त्या वर्षी पहिल्यांदा मुलींना घ्यायचं ठरवलं. ढोल हातात घेतलेली शिकलेली मुलं पाहायची शहराला तोवर सवय झाली होती, ज्ञान प्रबोधिनी या पुण्यातल्या शाळेने ती लावली होती. मुलींची सवय अजून व्हायची होती. मी चार वर्षं तबला शिकलेली, म्हणून पहिल्याच आठवड्यात हातात काड्या आल्या. ताशा मिळणं म्हणजे मान होता. ढोल कितीही असोत, हात, म्हणजे वाजवायचा ठेका, बदलायचा इशारा ताशाकडूनच यायचा.

ताशाला चामड्याचा पट्टा होता. दोन बोटं रुंद, काळा पडलेला, कडेने कापल्यासारखा धारदार. त्याला चार भोकं होती आणि चौथ्या भोकात बकल अडकवलं तरी ताशा माझ्या मांड्यांवर आपटत होता. पट्टा पुरुषांच्या मापाचा होता. माझी उंची ५ फूट. मी एका दादाला विचारलं, अजून एक भोक पाडूया का? ते म्हणाले, पट्टा पथकाचा आहे, उद्या दुसऱ्याला द्यायचा असेल, भोक पाडता येणार नाही. मग त्यांनीच पट्ट्याला एक गाठ मारली. ताशा बरोबर उंचीवर आला आणि गाठ बरोबर माझ्या गळपट्टीच्या हाडावर बसली.

वाजवताना काही कळलं नाही. वाजवताना काहीच कळत नाही. रात्री आंघोळीला गेले तेव्हा पाहिलं, खांद्यावर सुपारीएवढा निळा डाग होता. आई काही बोलली नाही. तिने आंबेहळद उगाळून लावली आणि दुसऱ्या दिवशी आजीच्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा घडी करून माझ्या दप्तरात ठेवला. म्हणाली, गाठीखाली ठेव. आजी तिथेच बसली होती. तिचं माहेर संगमनेर तालुक्यातलं, पाण्याच्या खेपा घालण्यात उमर गेलेली. तिने तो तुकडा काढून घेतला, पिळा घालून त्याचं वेटोळं केलं आणि मला परत दिला. ‘नुसती घडी सरकते. चुंबळ कर,’ म्हणाली.

त्या चुंबळीवर मी तीन गणपती वाजवले. आज इतक्या वर्षांनी मागे पाहते तेव्हा त्या दादांवर राग येत नाही, त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण एक गोष्ट टोचते. आम्हाला पथकात घेतलं होतं, पट्ट्यात घेतलं नव्हतं. दहा मुलींपैकी सहाजणी पहिल्याच वर्षानंतर आल्या नाहीत. सगळ्यांनी सांगितलं, झेपत नाही. ढोलही पुरुषी कमरेच्या मापाने बांधलेले, दोर पुरुषी मापाचे, ध्वजाचा दांडा ज्यात रोवायचा तो कमरेचा पट्टाही तसाच. झेपत नाही म्हणजे ताकद नाही, असंच तेव्हा आम्हीही समजलो.

मग लग्न, नोकरी, मुलगा. अठरा वर्षं वाजवणं सुटलं. पुन्हा गेले ती एका वेगळ्या पथकात, आणि तोवर सगळीकडे मुली होत्या. पट्टे नायलॉनचे झाले होते, त्यांना सरकत्या कड्या आल्या होत्या. मला वाटलं, प्रश्न संपला. दोन वर्षं करोनामुळे मिरवणूकच निघाली नाही आणि २०२२ साली सगळं शहर भुकेल्यासारखं रस्त्यावर उतरलं. त्या वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तेव्हा उजव्या हाताची बोटं माझी नव्हती. चहाचा कप उचलला तो तसाच सुटला.

फिजिओथेरपीच्या बाई माझ्याहून लहान होत्या. हात तपासला, मान तपासली आणि म्हणाल्या, उद्या ताशा आणि पट्टा घेऊन या. ताशा वजनकाट्यावर ठेवला. ४ किलो २०० ग्रॅम. मग त्यांनी मला विचारलं, माणसाच्या डोक्याचं वजन किती असतं, माहीत आहे? साधारण साडेचार-पाच किलो. ‘म्हणजे तुम्ही मानेला दुसरं डोकं टांगून दिवसभर चालता,’ त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात चिडचिड नव्हती. त्या मन लावून सांगत होत्या आणि मी ऐकत होते.

मानेच्या मणक्यांतून निघणाऱ्या नसांची एक जुडी गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या फटीतून हातात उतरते. अरुंद पट्टा तासन्‌तास तिथे रुतला की हात बधिर होतो. जड पाठपिशव्या वाहणाऱ्या सैनिकांमध्ये आणि गिर्यारोहकांमध्ये हे दुखणं डॉक्टरांनी फार पूर्वीपासून पाहिलेलं आहे. वजन तेच राहिलं आणि पट्ट्याची रुंदी निम्मी झाली, तर दाब दुप्पट होतो. माझा नायलॉनचा पट्टा एक इंचाचा होता. त्यात चालताना ताशा स्थिर राहत नाही. प्रत्येक पावलाला उचलला जातो आणि खाली येतो, तेव्हा त्या क्षणी खांद्याला बसणारा ओढा ४ किलोपेक्षा बराच जास्त असतो. पुण्याची मिरवणूक मंडईतून टिळक पुतळ्यापासून निघते आणि लक्ष्मी रोडने अलका चौकात येते. अर्ध्या-पाऊण तासात चालून होईल असं अंतर. पण सगळी मिरवणूक संपायला २८-३० तास लागतात, आणि आपल्या वाट्याचे त्यातले सहा-सात तास म्हणजे सहा-सात तास उभं राहणं, सरकणं, वाजवणं.

बाईंनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी मी इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून पाहिली नव्हती. ढोल ताशापेक्षा कितीतरी जड. पण ढोल कमरेला बांधतात. ते वजन कटीच्या हाडांवर येतं आणि तिथून सरळ पायांत जातं. गिर्यारोहकांच्या पाठपिशवीला पोटावर बांधायचा जाड पट्टा असतो तो याचसाठी. ढोल पुढच्या बाजूला असल्यामुळे पाठीला मागे कमान पडते, तो त्रास वेगळा. तरी कमरेला बांधायचं ज्याला पहिल्यांदा सुचलं, त्याला शरीर कळत होतं. ताशाच्या बाबतीत मात्र आपण मान वापरत राहिलो, बहुधा पूर्वी मिरवणुका छोट्या होत्या म्हणून.

त्यांनी वाजवायला बंदी केली नाही. याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. म्हणाल्या, सहा महिने व्यायाम करा आणि तोवर पट्टा बदला.

पट्टा बदलायचा म्हणजे काय, हे मला बोहरी आळीत कळलं. रविवार पेठेतली ही आळी मला लहानपणापासून आवडते. सुतळी, काथ्या, साखळ्या, कड्या, चाकं, बिजागऱ्या, जे जे कशाला तरी कशाशी तरी जोडतं ते सगळं तिथे मिळतं. दोरांच्या दुकानात नवारीचे गठ्ठे होते. आमच्या आजोळच्या बाजेला विणलेली असायची तीच ही सुती नवार. दुकानदाराने नायलॉनचा रोलही काढला आणि विचारलं, कशासाठी पाहिजे? ताशाला म्हटल्यावर त्यांनी दोन्ही बाजूला ठेवले आणि मागच्या बोळातल्या एका कारागिराकडे पाठवलं. तिथे एक साठीचे गृहस्थ पायमशीनवर शाळेच्या दप्तराची चेन बसवत होते. भिंतीवर तबल्यांच्या बॅगा, एका फोटोग्राफरचा कॅमेऱ्याचा पट्टा, हार्मोनियमची खोळ, एका गिटारचा पट्टा. मी माझं माप सांगू लागले तसे त्यांनी हात वर करून थांबवलं.

‘ताई, ताशा आणा. मोकळ्या माणसाचं माप घेऊन काय करू?’

दुसऱ्या दिवशी ताशा घेऊन गेले. ते म्हणाले, वाजवा. इथे? इथेच. बोळात उभी राहून मी पहिला हात धरला. दोन हातगाड्या थांबल्या, वरच्या गॅलरीत माणसं आली. ते माझ्याभोवती फिरत होते, टेप हातात, आणि मला थांबू देत नव्हते. मग मशीनवर बसत म्हणाले, ‘उभ्या होता तेव्हा पट्टा बरोबर होता. वाजवायला लागलात की खांदे वर जातात, पाठ पुढे येते. दोन बोटांचा फरक पडतो.’ तीस वर्षांत मी कधीही वाजवताना माप घेतलं नव्हतं. आरशासमोर उभी राहून, पट्टा घालून, ठीक आहे म्हणून निघत होते.

कापडाबद्दल ते जे बोलले ते मी तिथेच फोनमध्ये लिहून घेतलं. सुती नवार अंगाला मऊ, घाम पिते, कडीत घट्ट धरते. पण भिजली की जड होते, आटते आणि नीट वाळली नाही तर कुजते. गणपती भर पावसाळ्यात येतात. नायलॉन दमदार, पण गुळगुळीत, ओलं झालं की सरकतं आणि किंचित ताणतंही. बॅगांना लावतात ती स्वस्त, हलकी, चकचकीत पट्टी पाण्याला घाबरत नाही, उन्हाला घाबरते. गॅलरीत वर्ष-दोन वर्षं पडली तर बोटाने भुगा होतो. म्हणून त्यांनी बाहेरून २ इंची नायलॉन घेतलं, ओझं पेलायला. आतून नवार, कातडीला लागायला. मधे नमदा. मी स्पंजचं विचारलं तर त्यांनी नकार दिला. स्पंज दुकानात छान वाटतो, ओझं आलं की चपटा होतो. नमदा दबतो पण उरतो. घोड्याच्या खोगिराखाली उगाच नमदा घालत नाहीत.

खोगीरभरती हा शब्द आपण किती वाईट अर्थाने वापरतो! लेखात खोगीरभरती, समितीत खोगीरभरती. खोगिरात भरती नसती तर घोड्याची पाठ सोलून निघाली असती, हे ज्यांनी शब्द घडवला त्यांना ठाऊक असणारच. माझ्यासाठी तरी त्या दिवसापासून तो शब्द चांगला झाला.

आणि कडी. या कडीवर मला थोडं रेंगाळायचं आहे. आपल्या दप्तराला, पर्सला, हेल्मेटला, सगळीकडे ती असते आणि आपण तिच्याकडे बघत नाही. तीन दांड्या, दोन खाचा, इंग्रजी आठसारखी दिसते. पट्टा खालून पहिल्या खाचेतून वर येतो, मधल्या दांडीवरून वळतो आणि दुसऱ्या खाचेतून खाली जातो. ना भोक, ना खिळा, ना स्प्रिंग. तरी ४ किलो धरते, आणि बोटाने सैल केली की मुंगीसारखी सरकते. कशाने? नुसत्या वळणाने. ओढ जितकी वाढते तितका पट्टा दांडीवर दाबला जातो, आणि जितका दाबला जातो तितकं घर्षण वाढतं. ओझं स्वतःलाच अडवून धरतं.

यामागचं गणित अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने मांडलं. दोराचे वेढे वाढत जातात तशी पकड बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. घर्षणांक, म्हणजे दोर आणि खांब यांच्यातल्या घर्षणाचा आकडा, ०.३ धरला, तर खांबाला एक पूर्ण वेढा दिल्यावर या टोकाच्या १ किलोच्या ओढीला पलीकडचे साधारण साडेसहा किलो धरता येतात. दोन वेढ्यांना ४३ किलो. तीन वेढ्यांना जवळजवळ २८५. आजोळी मामा उधळलेल्या खोंडाचं दावं खुंट्याला दोन वेढे देऊन एका हाताने धरून उभे राहायचे आणि आम्ही पोरं तोंडात बोट घालून बघायचो. मामांच्या अंगात फार ताकद आहे असं आम्हाला वाटायचं. ताकद वेढ्यांत होती. मामांना ते ठाऊक होतं, म्हणून तर ते इतके शांत असायचे.

कारागिरांनी सुचवलेला मोठा बदल मात्र वेगळाच होता. मानेवरून पट्टा नकोच. उजव्या खांद्यावरून आलेला पट्टा पाठीवर तिरका जाऊन डाव्या कमरेशी पुढे येतो, डाव्याचा उजवीकडे, पाठीवर फुली. मान मोकळी, ओझं दोन्ही खांद्यांत वाटलेलं. शिवाय कमरेभोवती एक बारीक दोर, म्हणजे ताशा उड्या मारत नाही. जोडाच्या जागी त्यांनी चौकोन शिवून आत फुली मारली. नुसत्या आडव्या शिवणीवर सगळा ओढा एका ओळीवर येतो आणि ती ओळ फाटते, चौकोनात तो पसरतो. नायलॉनचं टोक मेणबत्तीवर धरून वितळवलं, म्हणजे दोरे सुटणार नाहीत. साडेसहाशे रुपये झाले. नवीन ताशाच्या किमतीपुढे ते काहीच नाहीत, आणि तरी पथकांच्या हिशेबात वाद्यांवर मढवायच्या पानांना, काड्यांना, पोशाखाला पैसे निघतात आणि पट्ट्याला निघत नाहीत.

कॅम्पात वाढलेल्या एका मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, अगं, म्हणजे सॅम ब्राउन बेल्ट. लष्करी अधिकाऱ्यांच्या कमरपट्ट्याला छातीवरून तिरका जाणारा चामडी पट्टा असतो तो. सॅम ब्राउन हा ब्रिटिश हिंदुस्थानी फौजेतला अधिकारी. १८५८ साली उत्तर हिंदुस्थानातल्या लढाईत त्याचा डावा हात गेला. तलवारीचं म्यान डाव्या हाताने सावरायचं असतं आणि तो हातच उरला नव्हता. म्हणून ओझं खांद्यावर घेणारा हा पट्टा. पुढे कितीतरी सैन्यांनी दोन्ही हात शाबूत असलेल्यांसाठीही तोच घेतला. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ज्या शरीरासाठी नेहमीचं सामान बनलेलंच नव्हतं, त्या शरीराच्या गरजेतून सगळ्यांच्या उपयोगाची वस्तू निघाली.

दोन वर्षांपूर्वी आषाढात पालख्या पुण्यात होत्या. ज्ञानोबांची भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. मी दरवर्षी जाते. पण त्या वर्षी माझे डोळे फक्त पट्टे बघत होते. पखवाज गळ्यात अडकवलेले मृदंगवादक, कोणाचा पट्टा चामडी, कोणाचा नवारीचा, एकाने तर उपरण्याला पीळ देऊन तेच बांधलेलं. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका, आणि त्याखाली चुंबळ. माझ्या आजीची चुंबळ.

मग एका दिंडीत वीणा बदलताना पाहिली. वीणा जमिनीवर ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून काढायची ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. देणारे बाबा उंच, शेलाटे. घेणारे ठेंगणे, पाठीत वाकलेले. वीणा गळ्यात आली आणि गुडघ्याशी लोंबायला लागली. भजन चालू होतं. देणारे बाबा निघून गेले नाहीत. ते थांबले, आपल्या थरथरत्या बोटांनी पट्ट्याला मागून एक गाठ मारली, गाठ मानेच्या मणक्यावर येत नाही ना ते चाचपून पाहिलं, ती थोडी बाजूला सरकवली, मग बाजूला झाले. घेणाऱ्यांनी तारेवर बोट ठेवलं.

मी तिथे रडले. १९९४ ची माझी गाठ मला आठवली. तीही कोणीतरी मारूनच दिली होती. पण ती कुठे बसते हे पाहायला कोणी थांबलं नव्हतं.

मराठीत खांद्याचे शब्द पुष्कळ आहेत. खांदा देणं आपण अखेरच्या वाटेसाठी राखून ठेवलं. खांदेपालट पालखीच्या भोयांकडून आली आणि मंत्रिमंडळात जाऊन बसली. आणि एक शब्द आता फक्त गावाकडे उरला आहे, खांदेमळणी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांना पाण्यावर नेऊन आणायचं, जू उतरवलेलं असायचं, आणि मामा लोणी-हळद घेऊन त्यांचे खांदे मळायचे. वर्षभर जिथे जू घासलं ती जागा. कातडी तिथे काळी, जाड, केस गेलेली. मामा हळूहळू, गोल गोल चोळायचे आणि त्यांच्याशी बोलायचे. झूल, शिंगांचे गोंडे, पुरणपोळीचा घास, सगळं दुसऱ्या दिवशी. आधी खांदा. पिठोरी अमावास्येला पोळा झाला की चारच दिवसांनी गणपती बसतात, आणि इतक्या वर्षांत मला या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहायचं सुचलं नव्हतं.

गेल्या वर्षी मी आमच्या प्रमुखांना म्हटलं, मला सरावातला एक रविवार द्या. दिला. नदीपात्रात, भिडे पुलाच्या पुढे, आम्ही वादन न करता फक्त मापं घेतली. ताशेवाल्यांना उभं करून वाजवायला लावायचं, मी आणि अजून दोघी मागून बघणार. कोपर काटकोनात किंवा त्याहून थोडं खाली हवं. ताशाचं तोंड नाभीच्या आसपास. पट्टा आणि खांदा यांत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. ढोलवाल्यांचे दोर सोडून पुन्हा बांधले, कटीच्या हाडावर, पोटाच्या मऊ भागावर नाही. ज्याचं त्याचं माप पट्ट्यावर लाल दोऱ्याच्या एका टाक्याने खूण करून ठेवलं, म्हणजे ताशा फिरता राहिला तरी कडी कुठे आणायची ते कळतं. काही मुलांनी सुरुवातीला कुरकुर केली, एक सराव वाया गेला म्हणून. मुली गप्प होत्या. मग एकेक येऊन सांगायला लागली, ताई, मला इथे लागतं, मला इथे मुंग्या येतात. दोन-दोन वर्षं वाजवणाऱ्या मुली, आणि आत्ता सांगत होत्या. पथकात पन्नाशीला टेकलेली बाईही ताईच असते, आणि त्या दिवशी मला त्या नात्याचं फार बरं वाटलं.

या वर्षी अकरावीतली एक मुलगी आली. माझ्याएवढीच उंची, खांदे अगदी उतरते. पट्टा कसाही बांधला तरी घसरायचा. दोन संध्याकाळी आम्ही दोघी त्यावर घालवल्या. शेवटी पाठीवरची फुली चार बोटं वर सरकवली, अगदी मानेच्या खाली, तेव्हा तो जागेवर राहिला. तिने काड्या उचलल्या, पहिला हात वाजवला, थांबली. ‘ताई, अजून एक बोट वर.’ मी कडी सरकवली. तिने पुन्हा सुरू केलं आणि यावेळी थांबली नाही.

आत्ता हे लिहिताना तिचाच फोन येऊन गेला. पट्टा धुतला म्हणाली, मीठ निघालं सगळं, पण चुकून पिळला, आता मधे गाठी लागतायत हाताला. मी तिला सांगितलं, वाळवू नकोस, तसाच ओला घेऊन ये संध्याकाळी. शिवण उसवून नमदा सरळ करू.